पुसली तरी काच पांढरीच

सिंगापूरहून परतलेल्यांच्या फोनमध्ये धुक्यात हरवलेल्या मर्लायन पुतळ्याचा एखादा फोटो हमखास सापडतो. ते धुकं हवेत नसतं, लेन्सवर बसलेलं असतं.

मॉलमधल्या एसीत कॅमेरा २२-२३ अंशांपर्यंत गार होतो. बाहेरच्या हवेचा दवबिंदू मात्र तिथे बाराही महिने २४ अंशांच्या आसपास. त्याहून गार काचेवर हवेतली वाफ पाणी होऊन बसणारच. आपण लगेच रुमाल काढतो आणि तिथेच चुकतो. काच गार आहे तोवर पुसल्या जागी पुन्हा थर चढतो, वर रुमालातल्या धुळीचे ओरखडे. काहीजण तर लेन्सच काढून आत डोकावतात, मग ओल थेट सेन्सरपर्यंत!

उपाय फुकटचा आहे. एसीत असतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. बाहेर पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. दव पिशवीवर पडेल. मुक्कामी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते. कोकणातल्या पावसाळ्यात हा अनुभव घेतलेल्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरी गल्लत वेळेची. विषुववृत्त जेमतेम १३७ किलोमीटरवर असल्याने सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. सातच्या सुमारास तो मावळला, की वीस-बावीस मिनिटांत काळोख. निळं आकाश आणि इमारतींचे दिवे तेवढ्याच वेळात एका फोटोत नीट मावतात. म्हणून मरीना बेच्या काठावर जेवून निवांत जाऊ नका, साडेसहालाच पोहोचा.