जंबेरीचा खुंट आणि सीडी-४ चा प्रतिपिंड

पांढुर्णा आणि सौंसर या मराठी बोलीच्या संत्रापट्ट्याचा २०२३ साली मध्य प्रदेशात स्वतंत्र जिल्हा झाला. जंबेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरण्याची कला तिथल्या बागायतदारांच्या हाती मुरलेली आहे, आणि एचआयव्हीबाधितांच्या रक्तातील सीडी-४ पेशी मोजणारा प्रतिपिंड कसा तयार होतो, हे समजून घ्यायला तीच कला उपयोगी पडते.

प्रतिपिंड म्हणजे परक्या पदार्थाला नेमके चिकटणारे प्रथिन. ते बनवणारी बी-पेशी काचपात्रात फार दिवस जगत नाही, उलट मायलोमा या कर्करोगाची पेशी अखंड विभागत राहते. जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला या दोन पेशींचा संकर घडवून एकाच वंशाचा, एकसारखा प्रतिपिंड हवा तितका मिळवण्याची वाट मोकळी केली. जंबेरी मुळाचा चिवटपणा देते आणि डोळा फळाचा गुण देतो, तसेच इथेही घडते. मात्र कलमात दोन्ही झाडांच्या पेशी वेगळ्या राहतात, संकरपेशीत दोन्ही केंद्रके एक होतात.

सीडी-४ हे मदतनीस टी-पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिन असून एचआयव्ही त्यालाच धरून पेशीत शिरतो. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १,५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, की क्षयासारख्या संधिसाधू आजारांचा धोका वाढतो. भारतात २०१७ पासून प्रत्येक बाधिताला आकडा न पाहता औषधे दिली जातात, तरी रुग्ण किती खालावला आहे हे ठरवायला ही मोजणी अजूनही लागते. त्यासाठी ५० मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे एका थेंबाइतक्या रक्तात, चमकणारा रंग जोडलेला प्रतिपिंड घालून नळी पंधरा मिनिटे अंधारात ठेवतात, तांबड्या पेशी फोडून टाकतात, आणि फ्लो सायटोमीटर हे यंत्र लेसरच्या झोतातून एकेक पेशी पुढे सरकवत चमकणाऱ्या पेशी मोजते. मोनोसाइट पेशींवरही थोडे सीडी-४ असल्यामुळे टी-पेशींची खूण असलेल्या सीडी-३ चा प्रतिपिंड जोडीला लागतो.

पण प्रतिपिंड अख्खे प्रथिन ओळखत नाही, त्याच्या पृष्ठभागावरचा एक छोटासा तुकडाच ओळखतो, आणि ही गोष्ट जितकी ठसायला हवी तितकी ठसलेली नाही. ओकेटी-४ हा सीडी-४ ला ओळखणाऱ्या सर्वांत जुन्या प्रतिपिंडांपैकी एक. आफ्रिकी आणि जपानी वंशाच्या काही व्यक्तींमध्ये नेमका तोच तुकडा आनुवंशिकतेने बदललेला असतो, त्यामुळे त्यांच्या मदतनीस पेशी शाबूत असूनही हा प्रतिपिंड त्या जवळजवळ नाहीतच असे दाखवतो. दुसऱ्या तुकड्याला चिकटणारा प्रतिपिंड वापरताच त्याच पेशी पुन्हा दिसू लागतात. म्हणून अहवालातील आकड्याइतकेच महत्त्व तो कोणत्या प्रतिपिंडाने काढला याला आहे.

पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने देशातील सीडी-४ केंद्रांना तपासणीचे नमुने पाठवून त्यांच्या मोजणीची पारख करण्याचे काम केले आहे. ते काम केंद्राच्या दाराआतले; रक्त तिथवर नीट पोचवणे ही वेगळी बाब. पांढुर्ण्यातून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नागपूरला रक्ताची एखादी जांभळ्या झाकणाची नळी पाठवायची झाली, तर तिला वैशाखातले ऊन लागता कामा नये आणि ती बर्फातही ठेवता कामा नये, कारण तशाने पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशींना प्रतिपिंड खूण नसतानाही चिकटतो आणि यंत्र त्यांनाही मोजून बसते.