बाळ मागे, बेल्ट आधी

मी पेणच्या रामवाडीतून बोलतेय. आज गटाचा हिशेब नाही, कर्जाचा हप्ता नाही आणि पापडाची ऑर्डरही नाही. आज गाडीतल्या एअरबॅगबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या दारात कुठे गाडी आहे? पण हायवे तर दारातूनच जातो. माहेरी जायचं, मुंबईला प्रदर्शनात स्टॉल लावायचा, पेशंटला पनवेलला न्यायचं, तर आपण गाडी ठरवतोच. गणपतीत तर सगळी मुंबई याच रस्त्याने कोकणात उतरते. त्यात आपले दीर, नणंदा, भाचेकंपनी असतात.

आधी माझी चूक सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या भावजयीला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. बाळ पाच दिवसांचं. गाडी ठरवली, हार घातला, नारळ फोडला. मी मोठी नणंद, मानाने म्हटलं, "वहिनी, तू पुढे बस. पाय मोकळे होतील, हवाही लागेल." ती बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसली. बेल्ट लावला नाही, कारण पोटाला टाके होते. घरी सुखरूप पोचलो आणि भाकरतुकडा ओवाळला. आम्ही बाळाला कशासमोर बसवलं होतं, हे तेव्हा गाडीतल्या एकालाही कळलं नाही. मला ते कळलं डिसेंबर २०२४ मध्ये.

त्या महिन्यात नवी मुंबईत, वाशीला एक अपघात झाला. रात्रीची वेळ होती. वडील गाडी चालवत होते आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा पुढच्या सीटवर शेजारी बसला होता. पुढे चाललेली मोठी गाडी दुभाजकावर आदळली. तिचा मागचा भाग उसळून यांच्या गाडीच्या बॉनेटवर पडला आणि यांच्या एअरबॅग उघडल्या. गाडीतले बाकीचे वाचले, मुलगा गेला. अंगावर बाहेरून मोठी जखम नव्हती, मार आतून बसला होता. जीव वाचवायला बसवलेल्या वस्तूचा दणका त्या लेकराला सोसला नाही. ती बातमी वाचल्यावर मला आमचं पाच दिवसांचं बाळ आठवलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. मग मी विचारून, वाचून समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते.

एअरबॅग म्हणजे नेमकं काय? स्टिअरिंगच्या मधल्या गोल भागात एक कापडी पिशवी घट्ट घडी करून ठेवलेली असते. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डच्या आत तशीच दुसरी, जरा मोठी पिशवी असते. काही गाड्यांत सीटच्या कडेला आणि खिडक्यांच्या वरही असतात. जिथे पिशवी आहे तिथे झाकणावर बहुधा 'एअरबॅग' किंवा 'एस आर एस' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसतात. पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा बघा.

आता ती उघडते कशी? एसटीने जोरात ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो, कारण बस थांबते पण आपलं अंग आधीच्याच वेगात असतं. टकरीत तेच होतं, फक्त कितीतरी जोरात. गाडीतला सेन्सर हा वेग एकाएकी किती तुटला ते मोजतो. साधा ब्रेक, खड्डा, गतिरोधक यांना तो दाद देत नाही. टक्कर मोठी आहे असं दिसलं की तो विजेचा इशारा देतो. त्या इशाऱ्याने पिशवीमागच्या डबीतलं रसायन पेटतं आणि त्यातून भसकन वायू निघतो, बहुतेक नायट्रोजन. आपल्या श्वासातल्या हवेतही तोच सगळ्यात जास्त असतो. तापलेल्या कढईत लाही कशी एका क्षणात फुटते, तशी ती पिशवी झाकण फाडून बाहेर येते.

किती वेळात? एका सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातल्या तीन-चार भागांत. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढं घाईचं काम असल्याने पिशवी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. पूर्ण फुगली की मागच्या भोकांतून वायू लगेच निघायला लागतो आणि पिशवी मऊ पडते. आपलं डोकं आणि छाती त्या मऊ पडत चाललेल्या पिशवीवर टेकावी, असा तिचा हिशेब असतो. अंडं भिंतीवर फेकलं तर फुटतं, पण ताणून धरलेल्या चादरीवर फेकलं तर वाचतं. एअरबॅग ही ती चादर आहे.

पण आपण वेळेआधी, ती अजून फुगत असतानाच तिच्याजवळ असलो, तर ती चादर राहत नाही. मग तो तोंडावर बसलेला ठोसा असतो. एअरबॅगपासून होणारी बहुतेक मोठी इजा अशीच होते. म्हणून अंतर राखणं महत्त्वाचं, आणि ते अंतर राखून ठेवणारी वस्तू म्हणजे सीटबेल्ट. बेल्ट नसेल तर ब्रेक लागल्याबरोबर आपण पुढे सरकतो आणि पिशवी उघडते तेव्हा आपलं तोंड तिच्यापाशीच असतं. 'एस आर एस' या अक्षरांचा अर्थही हेच सांगतो: एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला दिलेली मदत आहे, बेल्टच्या बदल्यात नाही.

सप्टेंबर २०२२ मधला पालघर जिल्ह्यातल्या चारोटीचा अपघात तुम्हाला आठवत असेल. उद्योगपती सायरस मिस्त्री त्यात गेले. गाडी महागडी होती, तिला एअरबॅग होत्या. गाडीत चौघं होती. पुढे बसलेली दोघं जबर जखमी झाली, पण वाचली. मागे बेल्ट न लावता बसलेले दोघे गेले. म्हणजे मागे बसलं की बेल्ट लागत नाही, हा आपला समज खोटा आहे. मागच्यांनीही बेल्ट लावायचा हा कायदा आधीपासूनच आहे. बेल्ट नसेल तर दंड होतो, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची खास सीट नसेल तरी दंड आहे.

आता कोणी कुठे आणि कसं बसायचं ते बघू.

तान्हं बाळ पुढच्या सीटवर कधीच नको. मांडीवर नको आणि बाळाच्या सीटमध्ये घालूनही नको. बाळाची सीट पाठमोरी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून बसवतात. ती पुढे ठेवली तर उघडणारी पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. ऊन अडवायला काचेच्या वर जी फळी असते, तिच्यावर बाळाच्या सीटवर फुली मारलेलं चित्र असतं, ते याचसाठी. बाळाची जागा मागच्या सीटवर, तिथेही त्याच्या खास सीटमध्ये.

"मांडीवर घट्ट धरलं की झालं," असं आपल्या सासवा म्हणतात. पण ताशी पन्नासच्या वेगात गाडी आदळली तर दहा किलोच्या बाळाचा ओढा दीडशे-दोनशे किलोच्या ओझ्याएवढा होतो. आईची माया कितीही असली तरी तेवढं ओझं दोन हातांनी धरून ठेवता येत नाही. आणि एकाच बेल्टमध्ये स्वतःला आणि मांडीवरच्या बाळाला अडकवू नका. टक्कर झाली तर बाळ आपल्याच वजनाखाली चिरडतं.

बारा-तेरा वर्षांपर्यंतची मुलं मागेच बसवा. "मी पुढे, मी पुढे" म्हणून ती रडतील, पण रडू द्या. बेल्टचा वरचा पट्टा मुलाच्या खांद्यावरून जायला हवा. मानेवर येत असेल तर बसायला उंचवटा देणारी बूस्टर सीट मिळते. पट्टा काखेखालून घेऊ नका.

गरोदर बाईने बेल्ट लावायचा की नाही, हे मला बैठकीत नेहमी विचारतात. लावायचाच. खालचा पट्टा पोटावर नाही, पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर कंबरेच्या हाडावर घ्यायचा. वरचा पट्टा दोन स्तनांमधून आणि पोटाच्या बाजूने न्यायचा. शक्यतो मागे बसावं. पुढे बसावंच लागलं तर सीट जमेल तेवढी मागे सरकवावी.

आपल्यातल्या काही जणी आता स्वतः गाडी चालवतात, याचा मला अभिमान आहे. पण उंची कमी म्हणून आपण स्टिअरिंगला चिकटून बसतो. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत एक फुटाच्या आसपास अंतर हवं, निदान दहा इंच. अंतर मिळत नसेल तर पाठ थोडी कलती करा, आणि दिसत नसेल तर सीट वर घ्या. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा. मधल्या झाकणावर हात ठेवून हॉर्न दाबत बसू नका, तिथूनच पिशवी येते. पुढे शेजारी बसणारीने पाय डॅशबोर्डवर ठेवायचे नाहीत. पिशवी उघडली तर गुडघे तोंडावर येतात आणि मांडी, कंबर मोडते.

आता आपल्या पेणचा नाजूक विषय. आपण गणपतींच्या गावचे. गाडी घेतली की डॅशबोर्डवर बाप्पा हवेतच. बाप्पा जरूर असावेत, पण एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका. झाकण उडालं की त्यावरची मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड, जे असेल ते गोळीसारखं आपल्याच तोंडावर येतं. मूर्ती छोटी असावी आणि झाकणापासून लांब, पक्की बसवलेली असावी. बाप्पाला राग येणार नाही.

सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर बाहेरून शिवलेलं जाड कव्हर तिला अडवतं. अशा गाडीसाठी त्या बाजूला उसवणाऱ्या शिवणीचं वेगळं कव्हर मिळतं. गाडीच्या तोंडाला लोखंडी गार्ड लावू नका. टकरीचा जोर वेगळ्या तऱ्हेने आत जातो आणि सेन्सरचा अंदाज चुकू शकतो, शिवाय त्यावर सरकारची बंदीही आहे. आणि बेल्टचा बीप बंद करायला लोक खोटी क्लिप खोचतात, ती दिसली तर काढून फेका.

जुनी गाडी घेताना एक गोष्ट तपासा. चावी फिरवली की समोर एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर एअरबॅग चालू नाही असं समजा आणि मेकॅनिकला दाखवा. एकदा उघडलेली पिशवी परत घडी करून वापरता येत नाही. नवीनच बसवावी लागते आणि ती महाग असते. म्हणून अपघात झालेल्या गाडीत काही जण नुसतं झाकण लावून गाडी विकतात. आपल्या देशात चालकासमोरची एअरबॅग जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटची २०२१ मध्ये. त्याआधीच्या गाडीत ती असेलच असं नाही. आपल्या मिनिडोअरमध्ये तर ना पिशवी, ना बेल्ट. तिथे माणसं कमी आणि वेग कमी, एवढंच आपल्या हातात आहे.

हायवेला राहतो म्हणून अपघाताला आपणच आधी धावतो. एअरबॅग उघडली की आत पांढरी भुकटी आणि धुरासारखं दिसतं. गाडी पेटली असं वाटून घाबरू नका, पण खऱ्या आगीकडे लक्ष ठेवा. गाडी बंद करा, दारं उघडा, १०८ ला फोन करा. पिशवी उघडलेली नसेल तर तिच्या आणि जखमी माणसाच्या मध्ये वाकू नका, ती उशिराही उघडू शकते. उघडलेल्या पिशवीमागचे भाग गरम असतात, त्यांना हात लावू नका. भुकटीने डोळे चुरचुरले तर पाण्याने धुवा.

शेवटी आमच्या गटात काय ठरलं ते सांगते. लग्नकार्यासाठी आमच्या गटाची मोठी पातेली भाड्याने जातात, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या बैठकीत आम्ही त्या पैशातून बाळाची एक सीट घेतली. वाडीतलं कोणतंही बाळ दवाखान्यातून घरी यायचं असलं की ती सीट दोन दिवस आधी न्यायची आणि पुसून परत आणून द्यायची. भाडं नाही. पहिल्यांदा ती नेली माझ्या भावजयीनेच, तिच्या दुसऱ्या बाळासाठी. बाळ मागे सीटमध्ये, ती शेजारी बेल्ट लावून. पुढची मानाची जागा या वेळी मी घेतली, आणि बसल्याबरोबर आधी बेल्ट लावला. ड्रायव्हरदादा म्हणाले, "ताई, पेणपर्यंतच तर जायचंय." मी म्हटलं, "दादा, तुम्हीही लावा, मगच चावी फिरवा."

तुमच्याही गटात हा विषय काढा. आज एवढंच. नमस्कार.