घर बंद, मासे घरात

मे महिन्याची सुट्टी असो की दिवाळीची, गावी निघण्याची तयारी ठरलेली असते. दूधवाल्याला सांगायचे, पेपर बंद करायचा, तुळशीला पाणी घालण्यासाठी शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायची, गॅसचा कॉक फिरवायचा. दिवाणखान्यातल्या फिश टँकची आठवण बहुतेक घरांत रिक्षा दाराशी उभी राहिल्यावर होते. मग मूठभर खाद्य टाकले जाते, बादलीभर पाणी ओतले जाते आणि कुलूप लागते. आठ-दहा दिवसांनी परतल्यावर पाणी चार बोटे खाली गेलेले, काचेवर पांढरी रेघ उमटलेली आणि दोन मासे वर तरंगताना दिसले, की 'पाणी आटले म्हणून मेले' असा निकाल लागतो. पाणी आटलेले असते हे खरे. पण गोड्या पाण्यातले मासे तेवढ्याने क्वचितच मरतात. आटणाऱ्या पाण्यामागे काय उरते आणि ते भरून काढण्याची सोय कशी केली, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

वाफ होऊन उडते ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले क्षार, माशांच्या विष्ठेतून आलेला नायट्रेट, खाद्याचे अवशेष हे सगळे टाकीतच राहते. काचेवरची ती पांढरी रेघ म्हणजे मागे राहिलेले क्षारच. कपड्याच्या इस्त्रीत किंवा गिझरच्या कॉइलवर बसतात तेच. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर खाली गेली, तर साधारण १.८ लिटर पाणी उडाले असा हिशेब होतो. कोरड्या उन्हाळ्यात उघड्या टाकीची पातळी रोज अर्धा सेंटिमीटर उतरत असेल, तर दहा दिवसांत नऊ लिटर गेले. टाकीत ७२ लिटर पाणी असेल तर हा आठवा हिस्सा. उरलेल्या पाण्यातले क्षार त्यामुळे सुमारे १४ टक्क्यांनी दाट होतात. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांना हा बदल हळूहळू झाला तर सोसतो.

फायटर माशाच्या गोल बाउलचे गणित मात्र वेगळे आहे. पाच लिटरच्या बाउलचे तोंड वीस सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर त्याच वेगाने दहा दिवसांत दीड लिटरहून अधिक पाणी जाते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. एवढ्याशा पाण्यात घाणही लवकर साठते. बाउलसाठी कसली यंत्रणा लावत बसण्यापेक्षा तो उचलून शेजाऱ्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवणे शहाणपणाचे.

समुद्री टाकी असणाऱ्यांना एवढी सवलत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरच्या टाकीतून दहा लिटर पाणी उडाले की हे प्रमाण ३९ ग्रॅमच्या जवळ पोचते आणि प्रवाळ, कोळंबीसारखे जीव त्याने लगेच अडचणीत येतात. तेथे भर घालायची ती गोड्या, शक्यतो आरओच्या पाण्याची. 'समुद्री टाकी आहे म्हणून मिठाचे पाणी' हा तर्क सरळ वाटतो, पण मीठ उडालेलेच नसते. मिठाचे पाणी घातले की खारटपणा वाढलेलाच राहतो.

हेच तत्त्व गोड्या पाण्याच्या टाकीलाही लागू आहे, फक्त तेथे परिणाम सावकाश दिसतो. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर भर घातलेल्या नऊ लिटरांबरोबर साडेचार ग्रॅम क्षार टाकीत येतात आणि पाणी उडाले तरी ते जात नाहीत. नुसती भरच घालत राहिले आणि जुने पाणी कधी काढलेच नाही, तर पन्नास दिवसांत त्याच टाकीतले प्रमाण ५०० वरून ८०० च्या पुढे जाते. भर घालणे आणि पाणी बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाने दुसरे भागत नाही. म्हणून प्रवासाला निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी टाकीतले पाव भाग पाणी बदलून घ्यावे. निघायच्या दिवशी सकाळी नको. काही बिघडलेच तर ते आपल्या डोळ्यांसमोर बिघडावे.

किती पाणी उडेल हे गावावर आणि घरावर ठरते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यातली कोरडी हवा टाकी झपाट्याने आटवते, तर मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तीच टाकी बरीच हळू उतरते. पंखा, एसी, पाण्यात बुडबुडे सोडणारा एअर पंप, वर जळणारा दिवा यांनी वेग वाढतो. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उसना घेण्यात अर्थ नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी काचेवर पाण्याच्या पातळीशी चिकटपट्टी लावावी, तीन दिवस भर घालू नये आणि किती उतरले ते पट्टीने मोजावे. शाळकरी मुलाला हे काम दिले तर तो ते आनंदाने करतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे झाकण. काचेचे झाकण असेल तर उडालेली वाफ खाली थेंब होऊन परत टाकीत पडते, शिवाय मासे बाहेर उडी मारत नाहीत. मात्र वाफ पाणी नेताना उष्णताही नेते. माठातले पाणी गार होते ते यामुळेच. दिवसाला ९०० मिलिलिटर पाणी उडत असेल, तर टाकीतून साधारण २५ वॉट उष्णता अखंड बाहेर जात असते. विदर्भात मे महिन्यात टाकी पूर्ण झाकली, खिडक्या बंद केल्या, पंखे थांबले, तर पाणी वाचते पण ते खोलीइतकेच तापते. पाणी २५ अंशांवर असताना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते; ३५ अंशांवर ही मर्यादा सात मिलिग्रॅमवर येते. आणि गरम पाण्यात माशांची प्राणवायूची भूक नेमकी वाढलेली असते. म्हणून कोरड्या, तापत्या गावात दोन-तीन बोटांची फट ठेवून त्यावर जाळी लावावी आणि थोडे पाणी उडू द्यावे. कोकणात झाकण पूर्ण लावले तरी फारसे बिघडत नाही. टाकीवर ऊन येत असेल तर पडदा ओढावा, दिव्याला टायमर लावावा किंवा तो बंदच ठेवावा.

गोड्या पाण्याची टाकी, आठवडाभराची रजा आणि वर झाकण, एवढे असेल तर टाकी काठोकाठ भरून जाण्यापलीकडे काही करावे लागत नाही. दोन-तीन आठवड्यांसाठी मात्र सोय लागते आणि जुगाडाची खरी सुरुवात तेथून होते.

कोंबडीच्या पिल्लांसाठी बाटली उलटी करून पाणी ठेवतात, तीच युक्ती येथे चालते. बाटलीचे तोंड पाण्याच्या पातळीला टेकवायचे. पातळी खाली गेली की तोंडातून हवा आत शिरते, तेवढे पाणी बाहेर येते, पातळी चढली की तोंड पुन्हा बंद. यात वीज नाही, मोटर नाही. अट एवढीच की बाटली कडक हवी आणि उन्हात नको. पातळ बाटली आत चेपते आणि पाणी सोडते. उन्हाने आतली हवा फुगली तरी पाणी ढकलले जाते. पाच लिटरचा कॅन उलटा टांगायचा म्हणजे पाच किलोचे वजन टाकीच्या वर लटकणार, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी युक्ती सलाइनच्या संचाची. नवा, कोरा संच औषधाच्या दुकानात मिळतो. साध्या संचात वीस थेंबांचे सुमारे एक मिलिलिटर होते. दिवसाला ९०० मिलिलिटर हवे असेल, तर मिनिटाला बारा-तेरा थेंब. पण थेंबांना टाकीची पातळी कळत नाही. वळवाचा पाऊस येऊन हवा दमट झाली, तरी ते त्याच गतीने पडत राहतात. वरचे पाणी कमी झाले की गती मंदावते, ती वेगळीच.

तिसरा मार्ग कूलरमधल्या तरंगत्या व्हॉल्व्हचा. पातळी उतरली की गोळा खाली येतो, पाणी सुरू; चढली की बंद. समुद्री टाक्यांसाठी मिळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत गोळ्याच्या जागी सेन्सर आणि छोटा पंप असतो, कल्पना तीच. ज्यांच्या घरी कूलर आहे त्यांना या व्हॉल्व्हचा स्वभाव ठाऊक असतो. क्षार बसून तो कधीतरी अडकतो आणि गच्चीत पाणी वाहते. गच्चीत वाहिले तर चालते. दिवाणखान्यात, वीस दिवस बंद असलेल्या घरात, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतातून वाहिले तर चालत नाही.

यावर एक नियम सगळ्या युक्त्यांना पुरतो. भर घालण्याचा साठा एवढाच ठेवावा, की व्हॉल्व्ह अडकून तो सगळा एकदम टाकीत गेला तरी पाणी बाहेर सांडणार नाही आणि माशांना धक्का बसणार नाही. नळाची किंवा गच्चीवरच्या टाकीची लाइन थेट जोडणे म्हणजे या साठ्याला तळच नसणे. ते टाळलेच पाहिजे. समुद्री टाकीत तर वीस लिटर गोडे पाणी एकदम शिरले, तर शंभर लिटरमधला खारटपणा ३५ वरून २९ वर येतो. आटलेल्या पाण्यापेक्षा हा धक्का मोठा. साठ्याचे पाणी क्लोरिन काढलेले हवे. क्लोरिन आपल्या पोटाला चालते, माशांच्या कल्ल्यांना भाजते. दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारे थेंब किंवा खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते मापाने घालावे. कुठलीही सोय निघण्याच्या निदान चार दिवस आधी सुरू करून पाहावी. आदल्या रात्री बसवलेली यंत्रणा ही यंत्रणा नसून नवस आहे.

शेजाऱ्यांच्या भरवशावर जाणे अजूनही सर्वांत चांगले, पण त्यांना काम नेमके सांगावे लागते. 'पाणी कमी वाटले तर घाला' याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो. चिकटपट्टीची खूण दाखवून 'दर चार दिवसांनी या रेघेपर्यंत, या कॅनमधले' असे सांगितले तर चूक होत नाही. कॅन झाकणाचाच हवा. भर घालण्यासाठी उघडी बादली ठेवून गेले, तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला गरम दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. टाकीतले मासे अळ्या खातात. बादलीत मासे नसतात.

खाद्याच्या बाबतीत काकूंना उदार होऊ देऊ नये. निरोगी, मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. पिल्लांना ते जमत नाही. न खाल्लेले खाद्य कुजून अमोनिया होतो आणि बंद घरात माशांचा जीव जातो तो बहुधा त्यानेच. दर तीन दिवसांसाठी चिमूटभर खाद्याची एकेक पुडी बांधून ठेवावी आणि डबा कपाटात लपवावा.

आणि घर बंद करताना मेन स्विच पाडण्याची आपल्याकडची जुनी सवय! फिल्टर थांबला की त्यातल्या, अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. डब्यासारख्या बंद फिल्टरमध्ये ते काही तासांतच मरू लागतात. टाकीचे सर्किट वेगळे चालू ठेवता येत नसेल, तर मेन पाडू नये. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचलून भिंतीला टांगावा आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळते. मीटरजवळ अर्थ लीकेज ब्रेकर आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे. पातळी कितीही उतरली तरी फिल्टरचे तोंड आणि हीटर पाण्याखालीच राहतील एवढे खाली ते बसवावेत. कोरडा चाललेला पंप जळतो, आणि उघड्यावर तापलेल्या हीटरची काच तडकू शकते. उन्हाळ्यात हीटर लागतच नाही, तेव्हा तो सरळ काढून ठेवावा.

परतल्यावर बॅगा ठेवताक्षणी बादलीने टाकी भरण्याचा मोह होतो. आधी माशांकडे पाहावे. ते वर येऊन तोंड उघडत-मिटत असतील, तर एअर पंप सुरू करून क्लोरिन काढलेल्या पाण्याने पाव भाग पाणी बदलावे. ते धडधाकट असतील तर घाई नाही. टाकीतल्याइतक्याच तापमानाचे पाणी दोन-तीन हप्त्यांत घालावे. हिवाळ्यात परतलात आणि हीटर पाण्याबाहेर आलेला दिसला, तर प्रथम त्याचा प्लग काढावा, पंधरा-वीस मिनिटे तो निवू द्यावा आणि मगच पाणी घालावे.