पंख्याखाली काय ढवळतं?

मोटरबोट म्हटली की पाण्यावरचा तेलाचा तवंग आणि पेट्रोलचा वास आठवतो. तक्रार रास्तच आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनातून जवळजवळ पाव हिस्सा इंधन न जळताच पाण्यात जातं. अमेरिकेतल्या लेक टाहोवर अशा इंजिनांना १९९९ मध्येच बंदी आली. बेंगळुरूच्या तळ्यांपुरतं मात्र इंजिनापेक्षा त्याच्या टोकाला फिरणारा पंखा जास्त उपद्रवी ठरतो.

कारण या तळ्यांच्या घडणीतच आहे. शहराला बारमाही मोठी नदी नाही. उताराच्या जमिनीवर ओढ्याला आडवा बांध घालायचा, तळं भरलं की सांडव्यावरून जादा पाणी खालच्या तळ्यात सोडायचं, अशी ‘केरें’ची माळ इथे शतकानुशतकं उभी राहिली. हेतू शेतीचा, नौकाविहाराचा नव्हे. त्यामुळे तळी पसरट आणि उथळ. शहर वाढलं तसा राजकालुव्यांतून, म्हणजे पावसाळी नाल्यांतून, पावसाच्या पाण्याबरोबर मैला येऊ लागला आणि तळाशी काळा, चिकट गाळ साचत गेला.

आपल्या पानशेतला धरणाच्या भिंतीची उंची साठ मीटरहून अधिक आहे. तिथल्या खोल पाण्यात धावणाऱ्या बोटीचा तळाला पत्ताही लागत नाही. तीच बोट चार-पाच फूट पाण्यात आणली, की पंख्याने मागे फेकलेला झोत थेट गाळावर आदळतो आणि बोटीमागे तपकिरी पट्टा उमटतो. त्यातली वाळू मिनिटाभरात खाली बसते. पण दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण संथ पाण्यातही दिवसाला जेमतेम फूटभर उतरतो. म्हणजे रविवारच्या गर्दीत उठलेला गाळ मीटरभर खाली जाईपर्यंत बुधवार उजाडतो, आणि लवकरच पुन्हा शनिवार येतो.

नुसतं पाणी गढूळ होण्यावर भागलं असतं तर बरं. गाळात वर्षानुवर्षं साबणाचा आणि मैल्याचा फॉस्फरस साठलेला असतो. तो पाण्यात मिसळला की शेवाळाला आयतं खत मिळतं. फ्लोरिडातल्या उथळ तळ्यांवर युसेफ आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. मोटरबोटींनी पाणी घुसळल्यावर फॉस्फरसचं प्रमाण वाढल्याचं त्यात दिसलं.

बोटीमुळे पाण्यात हवा मिसळते, हा एक आवडता युक्तिवाद असतो. मिसळते, खरं आहे. पण कुजक्या अंड्यांचा वास मारणारा गाळ वर आला की तोच पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतो. जमाखर्च मांडला तर तळं तोट्यात जाण्याचीच भीती.

काठाचंही तसंच. लव्हाळ्यांचा, उतरता काठ लाट पिऊन टाकतो. सुशोभीकरणात बांधलेली उभी दगडी भिंत ती तशीच परत फेकते, आणि भिंतीलगतचा गाळ पुन्हा हलतो.

तरीही सगळं खापर बोटींवर फोडणं अन्यायाचं होईल. मार्च २०१६ मध्ये अलसूर तळ्यात हजारो मासे मेले, तेव्हा बोट मैल्याकडे आणि घटलेल्या ऑक्सिजनकडेच दाखवलं गेलं. फेसासाठी बदनाम झालेलं बेळ्ळंदूर २०१७ मध्ये पेटलं, तेही मैल्याच्या आणि कचऱ्याच्या जोरावर. बोट गाळ निर्माण करत नाही; बसलेला गाळ उठवते. म्हणूनच मैला थांबवण्याआधी बोटींचा परवाना देणं मला उलटा क्रम वाटतो.

तो क्रम बेंगळुरूने पाहिला आहे. लेक डेव्हलपमेंट अथॉरिटीने नागवार तळं लुंबिनी गार्डन्सला भाडेपट्ट्यावर दिलं आणि तिथे बोटिंगची करमणूक उभी राहिली. हेब्बाळसह आणखी काही तळ्यांचेही असेच पट्टे झाले. एन्व्हायर्न्मेंट सपोर्ट ग्रुप ही संस्था २००८ मध्ये या पट्ट्यांविरुद्ध जनहित याचिका घेऊन कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. वाद मुख्यतः तळं कोणाचं, यावर झाला. पाणी किती खोल, हा प्रश्न मागेच राहिला.

आता विजेवरच्या बोटींचा बोलबाला आहे. धूर जाईल, तवंग जाईल, आवाज कमी झाल्याने पेलिकनही कमी दचकतील. पंखा मात्र तोच आणि तेवढ्याच जोराने फिरणारा. तेव्हा बोटिंगच्या निविदेत इंजिनाच्या जातीआधी तळाचा नकाशा मागावा: कुठे किती पाणी, कुठे किती गाळ, आणि उन्हाळ्यात पातळी उतरल्यावर पंख्याखाली किती फूट उरतात. ठरलेल्या खोलीच्या आत मोटर बंद, तिथे वल्ही चालतील.