वाया जाणारी डोकी

सुरतेचे नाव घेताच कापड आणि हिरे आठवतात. परंतु याच जिल्ह्यातील ओलपाड तालुक्याच्या खाऱ्या जमिनीवर कोळंबीची शेती उभी राहिली आहे. २००९ साली देशात व्हॅनामेई जातीला परवानगी मिळाल्यावर तिला वेग आला. २०२५ साली अमेरिकेने जबर आयातशुल्क लादले, तेव्हा एकाच ग्राहकावर विसंबणे किती घातक, हेही या शेतकऱ्यांना उमगले. अशा वेळी मालाचा कणन् कण कामी लावणे हाच शहाणपणा. प्रत्यक्षात निर्यातीपूर्वी डोके तोडले जाते आणि त्याबरोबर सुमारे एक-तृतीयांश वजन कचऱ्यात जमा होते.

या डोक्यात कोळंबीची पाचक ग्रंथी असते आणि तिच्यात प्रथिने तोडणारी प्रभावी विकरे, म्हणजे एन्झाइमे, असतात. माशांच्या जठरात व आतड्यांतही ती सापडतात. चिवट मटणाला कच्च्या पपईचा गर चोळण्याची युक्ती आपल्या गृहिणींना ठाऊक आहेच. पपईतील पपेन जे करते, तेच काम ही विकरे करतात. फरक असा की, पपेन पातेले तापल्यावरही काम करीत राहते आणि किंचित अंदाज चुकला तर मांसाचा लगदा होतो. सागरी जीवांची कित्येक विकरे मात्र थंडीत काम करतात आणि शिजवताना निकामी होतात. त्यामुळे मांस हवे तेवढेच मऊ करणे सुकर होते.

मग अडते कोठे? तोडलेले डोके उघड्यावर राहिले की हीच विकरे त्यालाच पचवू लागतात आणि काही तासांत ते नासते. कुटी करावी, तर उष्णतेने विकरे नष्ट होतात. म्हणजे प्रश्न मुख्यतः पहिल्या काही तासांतील बर्फाचा आहे. आइसलंडने कॉडच्या आतड्यांतील ट्रिप्सिनपासून मोलाची उत्पादने बाजारात आणली, ती या टाकाऊ भागाला माल मानले म्हणूनच.

केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र वेरावळला आहे, मत्स्यशिक्षण संस्था मुंबईत आहे. त्यांच्या साहाय्याने एखादा प्रायोगिक कारखाना काढणे अशक्य नाही. मात्र कोळंबीची अनेकांना अ‍ॅलर्जी असते. म्हणून शासकीय मान्यता आणि वेष्टनावर ठळक उल्लेख, या दोन अटींत तडजोड नसावी.

कोळंबी बर्फात आणि तिचे डोके उकिरड्यावर, हा व्यवहार सुरतेच्याच नव्हे, आपल्या कोकणच्या किनाऱ्यालाही परवडणारा नाही.