विजेच्या ट्रॅक्टरला गिअर कशाला?

ऊसतोडीच्या हंगामात पुणे जिल्ह्यातल्या राहू बेटातल्या रस्त्यांवर डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. ओल्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना चालक ट्रॅक्टर लोमध्ये टाकतो, डांबरीवर आला की एकेक गिअर चढवतो. त्याच्या शेजारून विजेची स्कूटर मात्र कुठलाच गिअर न टाकता सुळकन निघून जाते. मग ट्रॅक्टरही विजेचा झाला तर गिअरचा दांडा जाणार का?

विजेच्या गाडीला गिअर नसतो, असं सरसकट म्हणतात. नसते ती अदलाबदल. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, चाक काही शे. वेग उतरवायला दात्यांची जोडी लागतेच. राहूकडच्या कुठल्याही गुऱ्हाळात बघा. मोटर मिनिटाला साधारण 1,440 फेरे घेते आणि चरकाचे रोलर संथपणे ऊस पिळतात. मधे पट्टा आणि मोठी दातेरी चाकं. जेवढा वेग उतरतो तेवढा जोर चढतो, आणि हंगामभर कुणी गिअर बदलत नाही.

डिझेल किंवा पेट्रोल इंजिनाचं तसं नाही. ते ठरावीक फेऱ्यांतच कामाचं. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. म्हणून 1972 च्या बजाज चेतकला डाव्या मुठीत चार गिअर होते, 2020 मध्ये आलेल्या विजेच्या चेतकला बदलायला एकही नाही. (मूठ पिरगाळण्याची सवय सुटत नाही, हे मान्य. ह्युंदाईनं तर आयोनिक 5 एन या विजेच्या मोटारीत खोटे गिअर घातलेत, आवाजासकट!)

टेस्लाला पहिल्या रोडस्टरमध्ये दोन गिअर हवे होते. एक झटक्यात सुटायला, दुसरा वरच्या वेगाला. मोटरच्या जोरापुढे ते गिअरबॉक्स टिकेनात. शेवटी 2008 मध्ये कंपनीनं एकच गिअर ठेवला आणि मोटरला जास्त करंट पुरवण्याची सोय केली.

पण करंट फुकट मिळत नाही. जोर दुप्पट हवा तर करंटही साधारण दुप्पट, आणि मोटरच्या तारांमधली उष्णता चौपट. मोटारीला तो जोर काही सेकंद लागतो, नांगराला तासन् तास. ताशी चार-पाच किलोमीटरनं पलटी नांगर ओढायचा आणि तेवढ्याच मोटरनं रस्त्यावर पंचवीस गाठायचे, हे एका गिअरवर करायचं तर मोटर अवाढव्य तरी हवी, नाहीतर तापून बसेल. लो गिअरनं मोटरवरचा भार निम्मा केला की तारांची उष्णता पावपट होते. सोनालिकानं डिसेंबर 2020 मध्ये आणलेल्या विजेच्या ट्रॅक्टरात गिअरबॉक्स कायम आहे, तो उगाच नाही.

मात्र डिझेल ट्रॅक्टरासारखे आठ-दहा गिअर लागतील, हे मला पटत नाही. शेतातला एक, रस्त्याचा एक, एवढ्यात बरंच भागावं. डिझेलमध्ये आणखी एक अडचण असते. रोटाव्हेटर मारताना पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, मिनिटाला 540 फेरे द्यायला इंजिन जोरात फिरवावं लागतं आणि ट्रॅक्टर तर गोगलगायीसारखा चालवायचा असतो, त्यामुळे खालचे गिअर वाढतात. विजेच्या ट्रॅक्टरात पीटीओला स्वतंत्र मोटर दिली, की त्या गिअरांचं हे काम उरत नाही.