विजेता कोण : तक्त्यातला पहिला की अंतिम सामना जिंकणारा?

१९९६ साली इंग्लंडमध्ये रग्बी लीगच्या ‘सुपर लीग’ स्पर्धेचा पहिला हंगाम झाला. १२ संघ होते आणि प्रत्येक संघाला २२ सामने खेळायचे होते. विजयाला २ गुण आणि बरोबरीला १ गुण. शेवटी सेंट हेलेन्स संघाचे ४० गुण झाले, विगनचे ३९. नियम असा होता की गुणतक्त्यात पहिला येईल तो विजेता. त्यामुळे विजेतेपद सेंट हेलेन्सला मिळाले.

पण गोष्ट इथे संपत नाही. तक्त्यातल्या वरच्या संघांसाठी हंगामाच्या शेवटी आणखी एक वेगळी बाद स्पर्धा होत असे. तिच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले आणि विगनने ४४–१४ असा दणदणीत विजय मिळवला.

वर्ष एकच, संघ तेच. मग चांगला संघ कोणता? वर्गात हा प्रश्न टाकून पाहा. मुले लगेच दोन गटांत विभागली जातील. त्यांचे भांडण खरे तर संघांबद्दल नसून मोजण्याच्या पद्धतीबद्दल असते.

दोन पद्धती

रग्बी लीग हा खेळ १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये सुरू झाला. खाण आणि गिरणी कामगार खेळाडूंची सामन्यामुळे मजुरी बुडे. तिची भरपाई द्यावी की नाही यावरून तिथले क्लब मूळ रग्बी संघटनेतून बाहेर पडले. आज या खेळात प्रत्येक बाजूला १३ खेळाडू असतात. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, हे मुख्य उद्दिष्ट.

विजेता ठरवण्याच्या बाबतीत हा खेळ सतत दोन टोकांमध्ये फिरत राहिला आहे. इंग्लंडमध्ये १९०७ पासून १९७३ पर्यंत विजेतेपद बहुतेक वेळा अंतिम सामन्याने ठरे. १९७३ मध्ये तर ३० संघांच्या तक्त्यात आठवा आलेला ड्यूसबरी विजेता झाला! त्यानंतर तक्त्यातल्या पहिल्या संघाला विजेता मानू लागले. या पद्धतीची अडचण १९९७ मध्ये चांगलीच दिसली. ब्रॅडफर्डने पहिले २० सामने सलग जिंकले, आणि शेवटच्या सामन्यांत विजेतेपदाची उत्सुकताच उरली नाही. १९९८ पासून पुन्हा अंतिम सामना आला. वरच्या काही संघांची बाद फेरी आणि मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर निर्णायक लढत, अशी ही रचना.

विक्रम कसा वाचावा?

१९९८ ते २०२५ या काळात असे २८ अंतिम सामने झाले. त्यांतल्या काही संघांचा हिशेब असा :

सेंट हेलेन्स : १४ अंतिम सामने, ९ विजय
विगन : १४ अंतिम सामने, ७ विजय
लीड्स : ११ अंतिम सामने, ८ विजय
ब्रॅडफर्ड : ६ अंतिम सामने, ३ विजय
वॉरिंग्टन : ४ अंतिम सामने, एकही विजय नाही

विजयांची संख्या पाहिली तर सेंट हेलेन्स पहिला. विजयांचे प्रमाण पाहिले तर लीड्स पहिला : ११ पैकी ८, म्हणजे सुमारे ७३ टक्के. सेंट हेलेन्सचे प्रमाण ६४ टक्के येते. यावरून ‘लीड्सला मोठ्या सामन्याचे दडपण सोसते, वॉरिंग्टनला सोसत नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो.

असे म्हणण्याआधी एक नाणे हातात घ्या. समजा, अंतिम सामना ही निव्वळ नाणेफेक आहे. ११ वेळा नाणे उडवले तर ८ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता किती? सुमारे ११ टक्के, म्हणजे साधारण नऊ प्रयत्नांत एकदा. १४ पैकी ९ किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता सुमारे २१ टक्के. सलग चार काटे पडण्याची शक्यता १६ त एक. यातले काहीच दुर्मीळ नाही. म्हणून या आकड्यांवरून दडपण सोसण्याच्या गुणाबद्दल काही सिद्ध होत नाही. असा गुण नसतोच, असेही मात्र यातून सिद्ध होत नाही. एवढ्या थोड्या सामन्यांवरून ते ठरवता येत नाही, इतकेच.

आता दुसरा आकडा पाहा. स्पर्धेत १२ ते १४ संघ असतात. सगळे सारख्याच ताकदीचे असते तर २८ वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याला अंदाजे चार-पाच अंतिम सामने आले असते. पण सेंट हेलेन्स आणि विगन १४ वेळा पोहोचले, लीड्स ११ वेळा. हे योगायोगाने होण्यासारखे नाही. म्हणजे अंतिम सामना जिंकण्यापेक्षा तिथे वारंवार पोहोचणे हे संघाच्या ताकदीचे अधिक भरवशाचे माप आहे. २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे सेंट हेलेन्स अंतिम सामना हरला. लोक त्याला अपयश म्हणतात. पण सलग पाच वर्षे तिथे पोहोचलेल्या संघाला दुबळा कसे म्हणावे?

करून पाहा

एका पिशवीत १० चिठ्ठ्या ठेवा. ६ चिठ्ठ्यांवर ‘अ’ लिहा, ४ वर ‘ब’. अ हा थोडा सरस संघ. एक चिठ्ठी काढणे म्हणजे एक सामना. चिठ्ठी पाहून झाली की परत पिशवीत टाकून ढवळायची, हे विसरू नका.

पहिल्या गटाने प्रत्येक वेळी एकच चिठ्ठी काढून विजेता ठरवावा. दुसऱ्याने तीन चिठ्ठ्यांत ज्याच्या जास्त तो विजेता मानावा, तिसऱ्याने सातांत, चौथ्याने सत्तावीसांत. प्रत्येक गटाने असे २० हंगाम करावेत आणि अ किती वेळा विजेता झाला ते मोजावे. खूप हंगाम केल्यास उत्तरे या आकड्यांच्या जवळ येतील : एका सामन्यात १०० पैकी ६० वेळा, तीनांत ६५, सातांत ७१ आणि सत्तावीसांत सुमारे ८५ वेळा.

संघ तोच, ताकद तीच. सामने वाढले की योगायोगाचा वाटा कमी होतो. तक्ता अधिक भरवशाचा असण्याचे हेच कारण. पण २७ सामन्यांनंतरही १०० पैकी सुमारे १५ वेळा कमी ताकदीचा संघ पुढे राहतो, हेही मुलांच्या लक्षात आणून द्या.

बाद फेरीत उलटे घडते. समजा, एक संघ कोणाविरुद्धही १० पैकी ७ सामने जिंकतो. त्याला ओळीने तीन सामने जिंकायचे असतील तर शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के. इतका बलवान संघही तीनांतून दोनदा विजेतेपदाशिवाय घरी जाईल. २०१७ मध्ये कॅसलफर्ड तक्त्यात दहा गुणांच्या आघाडीने पहिला आला आणि अंतिम सामन्यात लीड्सकडून ६–२४ असा हरला. याउलट २०११ आणि २०१२ मध्ये लीड्स तक्त्यात पाचवा येऊनही विजेता झाला. त्या काळी १४ पैकी पहिले ८ संघ बाद फेरीत जात, म्हणून पाचव्याला ही संधी मिळाली. फक्त चारच संघ पुढे जात असते तर लीड्सच्या नावावर ही दोन विजेतेपदे नसती.

तक्ताही पूर्ण निर्दोष नाही

१२ संघांनी एकमेकांशी घरी आणि बाहेर खेळायचे तर २२ सामने होतात. अलीकडच्या अनेक हंगामांत मात्र प्रत्येक संघाला २७ सामने होते. वरचे पाच सामने कोणाशी? कुणाच्या वाट्याला तगडे प्रतिस्पर्धी येतात, कुणाच्या वाट्याला सोपे. २०२० मध्ये साथीमुळे सगळ्यांचे सामने सारखे झालेच नाहीत, तेव्हा गुणांऐवजी विजयाच्या टक्केवारीवर क्रम लावावा लागला. म्हणून दोन हंगामांचे गुण शेजारी ठेवण्याआधी किती सामने आणि कोणाशी, हे विचारायला हवे.

जुने विक्रम वाचताना ही काळजी आणखी घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियात साउथ सिडनीच्या नावावर २१ विजेतेपदे आहेत. पण १९०९ चा अंतिम सामना प्रतिस्पर्धी बाल्मेन मैदानात न उतरल्याने झालाच नाही, आणि १९२५ मध्ये हा संघ अपराजित राहिल्यावर अंतिम सामना खेळवलाच गेला नाही. तिथे दरवर्षी अंतिम सामना सक्तीचा झाला तो १९५४ पासून. त्यामुळे २१ विजेतेपदे म्हणजे २१ अंतिम सामन्यांतले विजय नव्हेत.

मग सगळेच योगायोग का? नाही. सेंट जॉर्ज या सिडनीच्या संघाने १९५६ ते १९६६ अशी सलग ११ विजेतेपदे मिळवली, तीही दरवर्षी अंतिम सामना जिंकून. नाणे सलग ११ वेळा छापा दाखवण्याची शक्यता २०४८ त एक, आणि तिथवर पोहोचणे वेगळेच. इथे योगायोगाचे स्पष्टीकरण अपुरे पडते. मात्र त्या स्पर्धेत १० संघ होते. पेन्रिथने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली ती १६–१७ संघांतून, आणि खेळाडूंवरच्या खर्चाला मर्यादा असताना. ११ मोठे की ४, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही.

हीच गोष्ट घराजवळही तपासता येईल. २०२५ पर्यंतच्या आयपीएलमध्ये मुंबई आणि चेन्नई या दोघांचीही पाच-पाच विजेतेपदे झाली. मुंबईने त्यासाठी ६ अंतिम सामने खेळले, चेन्नईने १०. कोण सरस? मुलांना वाद घालू द्या. फक्त प्रत्येकाने आपण काय मोजतो आहोत ते आधी सांगावे, अशी अट ठेवा.

आणि शिक्षक म्हणून आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारू या. वर्षाच्या शेवटची तीन तासांची एक परीक्षा म्हणजे अंतिम सामनाच असतो. वर्षभरातल्या छोट्या चाचण्या, वहीतले काम, तोंडी उत्तरे हा गुणतक्ता. परीक्षेच्या दिवशी मुलाला ताप असू शकतो, नेमका न आलेला धडा विचारला जाऊ शकतो. खेळात एका सामन्यावर निकाल ठरवण्यात मजा आहे, म्हणून लोक ते मान्य करतात. मुलाला हुशार किंवा ढ ठरवताना मात्र आपण किती चिठ्ठ्या काढून पाहिल्या, हे मोजलेले बरे.